फटके कुठे मारायचे?

देवळीगडच्या राजाने गावाला नवी वेस बांधायला काढली आणि कामावर सटवाजी गवंड्याला मुख्य नेमले. घोडेस्वार जाईल एवढी कमान पुरी होत आली, तोच दिवाण विसाजीपंत येऊन म्हणाले, "हत्ती जायला हवा." कमान उतरवली, मोठी केली. मग पंतांना हत्तीवरची अंबारी आठवली. पुन्हा कमान उतरवली. दगड चढवून-उतरवून माणसांचे हात सोलून निघाले.

आणि वर पंतांनीच भर दरबारात तक्रार केली, "गवंडी आळशी आहेत, म्हणून वेस रखडली. सगळ्यांना फटके मारा!"

सटवाजीच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण त्याने हात जोडले. "पहिले फटके मला. कुठे मारायचे, दिवाणजी?"

"इथेच, दरबारात!"

"इथे चार मानकरी बघतील. बाजारात सारा गाव बघेल."

"मग बाजारात मारा!"

"पण रखडली ती वेस."

"बरोबर! वेशीपाशीच मारा!"

सटवाजी राजाकडे वळला. "महाराज, दिवाणजींनी एका दमात फटक्यांची जागा दोनदा बदलली. चाबूक अजून कुणी उचलला नव्हता, म्हणून भागलं. आमची कमान मात्र दोन्ही वेळा उभी होती!"

राजाने पंतांकडे रोखून पाहिले. "वेस कशी हवी ते आज ठरवा, पंत. पुन्हा बदललीत, तर दगड तुम्ही उतरवायचे."

तेव्हापासून देवळीगडात आधी बेत पक्का होई, त्यावर दिवाणांची मोहर उठे आणि मगच पहिला दगड हाले.