तळची पायरी

दगड-माती एकमेकांशी बोलत असत, त्या काळची ही हकीकत. द्वारकाकाकूंच्या बागेच्या उतारावर इरप्पा गवंड्याने सिमेंटच्या पायऱ्या बांधल्या. माती भुसभुशीत होती, पण घाईत त्याने पाया खोल घेतला नाही.

पावसाची झड लागली आणि तळच्या पायरीचा जीव टांगणीला लागला. तिच्याखालची माती रोज थोडी थोडी वाहून जात होती. एके सकाळी तिला बारीक तडा गेला.

"अंगावर गाळ ओढून घे," वरची पायरी कुजबुजली. "तडा दिसला, तर फोडतील तुला."

इतक्यात काठी टेकत काकू उतरू लागल्या. तळच्या पायरीला धडकी भरली. आपण फुटायचं, की त्यांना पाडायचं? तिने मन घट्ट केलं आणि तडा अंगभर उकलू दिला.

काडकन आवाज झाला. काकू वरच थबकल्या. त्यांनी इरप्पाला बोलावलं.

"बाई, खाली सगळं पोकळ झालंय. बरं झालं, पाय ठेवला नाहीत," असं म्हणत त्याने पायरी फोडली. कडक मुरूम लागेपर्यंत खणलं, तिचे तुकडे तळाशी ठोकून बसवले आणि त्यांवर नवी पायरी ओतली.

पुढच्या पावसाळ्यात वरच्या पायऱ्या घाबरून विचारू लागल्या, "कोणी धरलंय का आम्हाला?"

"धरलंय," मातीखालून आवाज आला.