बारा द्रोणांतली वांगी

एका राज्यात तीन वर्षं वसंत आलाच नव्हता. दोष राजा मकरंदसेनाचा. ऐन थंडीत हिमाक्ष नावाचा मांत्रिक महालाच्या दारी आला, तर राजाने कडी काढली नाही. हिमाक्ष रात्रभर पायरीवर कुडकुडला आणि उजाडताच शाप देऊन गेला, "तुझ्या घराच्या उबेत वाढलेलं रोप अख्खी रात्र उघड्यावर ताठ उभं राहील, तेव्हाच ही थंडी हटेल."

एवढंच ना, म्हणाला राजा. स्वभाव मुळातच उतावळा. पहिल्या वर्षी त्याने महालात वांग्याची शंभर रोपं वाढवली आणि ऊन दिसताच थेट वाफ्यात लावली. सकाळी सगळी काळी पडलेली. दुसऱ्या वर्षी त्यांना शेगडीजवळ ठेवून नको तितके लाड केले. रोपं हातभर लांब झाली, पांढुरकी पडली आणि बाहेर काढताच त्यांनी माना टाकल्या. तिसऱ्या वर्षी कोठारं तळाला गेली. राज्यभरात वांग्याचं बी उरलं होतं बारा दाणे, तेही भिवरा माळिणीच्या पदराच्या गाठीत.

राजाने बी मागितलं. रोपं माझ्याच हातची असतील, या अटीवर म्हातारीने गाठ सोडली. पळसाच्या पानांच्या बारा द्रोणांत तिने एकेक दाणा पेरला आणि ते महालाच्या खिडकीत मांडले. त्या खिडकीत एक साळुंकी राहत असे. ती बोलायची, त्याचं कुणाला नवल नव्हतं, ती फार रागवायची एवढीच तक्रार होती. तिने भिवराला तीन कामं नेमून दिली.

"माती सुकल्याखेरीज पाणी घालू नकोस. रोज सकाळी शेंड्यांवरून हात फिरव, वाऱ्याची सवय होऊ दे. आणि चार पानं आली की रोज थोडा वेळ बाहेर ने, रोज थोडा वाढव, पण दिवस मावळायच्या आत घरात आण."

भिवरा तसंच करू लागली. पहिल्या दिवशी रोपं अंगणात घटकाभर राहिली, दुसऱ्या दिवशी दोन घटका. सातव्या दिवशी असं लख्ख ऊन पडलं की लोकांनी घोंगड्या काढून टाकल्या. राजा धावतच आला आणि रोपं आजच लावायची म्हणाला.

"अजून तीन दिवस, महाराज."

"ही आज्ञा आहे."

ही बारा रोपं गेली की संपलंच, हे भिवराला ठाऊक होतं. तिने द्रोणांची परात राजाच्या हातात दिली. "मग आपणच लावा. फक्त आधी एकदा हात फिरवून बघा."

राजाने हात फिरवला. देठ अजून लवलवत होते. त्याला ती काळी पडलेली शंभर रोपं आठवली, आणि त्याला खरंच लाज वाटली. परात घेऊन तो घरात गेला. दुसऱ्या सकाळी अंगणातल्या घागरीतलं पाणी गोठलेलं होतं.

पुढचे तीन दिवस राजाने स्वतः परात बाहेर नेली, आत आणली. तिसऱ्या संध्याकाळी मात्र साळुंकी म्हणाली, "आज राहू दे." राजा परात पायरीवर ठेवून वळतो तोच समोर हिमाक्ष उभा, दाढीत हिम अडकलेलं. राजाने काही न विचारता दार सताड उघडलं, त्याला आत घेतलं, शेगडीजवळ बसवलं आणि गरम पेज दिली.

सकाळी दार उघडलं तेव्हा बाराही रोपं पायरीवर ताठ उभी होती. पानांवरचं हिम वितळून ठिबकत होतं, आणि अंगणभर ऊबदार वारा सुटला होता. हिमाक्षाने पेजेचं भांडं खाली ठेवलं, मान डोलावली आणि शाप सोबत घेऊन निघून गेला. भिवरा पायरीवर बसून पोटभर रडली. इतक्या दिवसांचं ओझं उतरलं होतं.

पुढे त्या राज्यात वांगी उदंड झाली, कोठारं भरली. पहिलं भरीत भिवराने केलं, राजाने ते बोटं चाटत खाल्लं आणि विचारलं, "पुढच्या वर्षी रोपं लवकर लावता येतील का?"

भिवराने नवं बी पदरात बांधलं आणि गाठ जरा घट्टच मारली.