कड्यावरचा ससा

फार पूर्वी एका डोंगरावर एक रानडुक्कर माजलं होतं. ते धावत सुटलं की त्याला थांबता येत नाही, हे एका सशाने हेरलं. तो थरथरत कड्याच्या टोकावर उभा राहिला आणि डुक्कर अंगावर येताच बाजूला झाला. डुक्कर थेट दरीत गेलं.

पुढे डोंगरावर बिबट्या आला. ससा पुन्हा कड्याकडे निघाला, तेव्हा सशीण घाबरून म्हणाली, "अहो, आधी त्याची चाल तरी बघा!"

"बघायचंय काय त्यात?" म्हणत ससा टोकावर जाऊन उभा राहिला.

बिबट्या आला, पण धावला नाही. परतीची वाट अडवून तो शांतपणे खाली बसला. सशाच्या मागे दरी होती आणि बिबट्याला कसलीच घाई नव्हती.