महाराजांच्या हातचं छत

महाराजांच्या बासुंदीत छत पडलं! सगळं नव्हे हो, लिंबाएवढा गिलाव्याचा गोळा. डुबुक्! बासुंदी उडाली ती थेट महाराजांच्या मिशांवर. पंगतीतले सरदार घास हातात धरून जिथल्या तिथे बसले. हसायची कुणाची छाती होणार? ते छत खुद्द महाराजांनी केलं होतं!

सोनखडीच्या या रणधीर महाराजांना अधूनमधून हुक्की यायची. मागे एकदा ते स्वतः घोड्यांना नाल ठोकायला बसले, तेव्हापासून अर्धी पागा लंगडत होती. यंदा गवंडीकाम! भोजनशाळेच्या छताला पणजोबांच्या वेळची सागवानी फळ्यांची तक्तपोशी होती, चांगली झकास. परांचीवर चढून महाराजांनी तिच्यावर खालून गिलावा थापला. चुना घट्ट धरावा म्हणून गवंडी त्यात थोडा गूळ घालतात, एवढं त्यांनी कुठंतरी ऐकलं होतं. थोड्या गुळानं घट्ट, तर पुष्कळ गुळानं किती घट्ट! ओतली की बारा पोती! छत वाळायचं नावच घेईना. वरून लपके गळायचे, आणि दरबारी माना वर करून म्हणायचे, "वाहवा! काय नक्षी उमटलीय!"

बासुंदी नासल्यावर मात्र धोंडजी गवंड्याला बोलावणं गेलं. धोंडजी म्हणजे पोटात एक अन् ओठात एक ठेवायची अक्कलच नसलेला माणूस. त्यानं पडलेला गोळा उचलला, हुंगला, जिभेला लावला आणि म्हणाला, "महाराज, हे छत नाही, ही चिक्की आहे!"

गेला बिचारा कोठडीत.

त्याची बायको हौसा भोजनशाळेत धावत आली. धोंडजीचा चुना तीच कालवायची. कशात किती गूळ पडतो, हे तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं.

"सरकार, माझ्या धन्याला सोडा. त्यांच्या जिभेला हाड नाही!"

"सोडतो की!" महाराज गुरगुरले. "आठ दिवसांत छत दुरुस्त कर. पुन्हा ताटात एक कण पडता कामा नये. पण माझ्या कामाला माणसाचा हात लावायचा नाही, थापी लावायची नाही, काठीनं टोचायचंसुद्धा नाही. आणि त्याचा अपमान तर मुळीच खपवून घेणार नाही! जमलं तर नवरा तुझा. नाही तर गाढवावर उलटा बसवून राज्याबाहेर हाकलीन त्याला!"

"आणि मी काय करू, सरकार?"

"तू गाढव धर!"

हौसानं वर पाहिलं. छताच्या कडेनं एक मुंगी चालली होती, एकटीच. हौसा बघत राहिली, बघत राहिली, आणि पदर खोचून म्हणाली, "कबूल! भोजनशाळेला तुमच्या हातानं कुलूप घाला, खिडकी तेवढी उघडी ठेवा, आणि मला ओंजळभर साखर द्या."

"साखर? माझ्या छतात गोड कमी पडलं वाटतं?"

"छे छे! देवाधर्माला पाहिजे."

राजवाड्यामागे मुंग्यांचं मोठं वारूळ होतं. आपल्याकडे बायका मुंग्यांना साखर घालतात, चार कण टाकतात, हात जोडतात आणि घरी जातात. हौसा घरी नाही गेली! तिनं वारुळापासून साखरेची बारीक रेघ ओढली ती भिंतीवरून थेट खिडकीपर्यंत. मग भाकरी घेऊन कोठडीशी गेली.

"काय केलंस गं?" धोंडजीनं विचारलं.

"मुंग्यांना साखर घातली."

"अगं, इकडं माझ्यासाठी गाढव शोधतायत आणि तुला पुण्य सुचतंय?"

"गप्प जेवा! आणि यापुढं राजाघरचं काहीही चाटायचं नाही."

आठव्या दिवशी महाराजांनी अख्ख्या दरबारासमोर कुलूप उघडलं. बघतात तर काय! वर सागवानी फळ्या लख्ख! खाली फरशी लख्ख! गिलावा औषधालासुद्धा उरला नव्हता.

"माझं छत कुठाय?" महाराज गरजले. "कुणी पाडलं?"

"कुणाची टाप आहे, सरकार? कुलूप तुमचं, किल्ली तुमच्या कमरेला. ते बघा, शेवटचा तुकडा आत्ता कुठं निघालाय!"

खिडकीतून मुंग्यांची रांग बाहेर चालली होती. शेवटच्या मुंगीच्या तोंडात पांढरा कण होता. तिचं ओझं तिला आवरत नव्हतं, पण ती सोडत नव्हती.

"मुंग्या? माझं काम मुंग्यांनी उखडलं? हा अपमान आहे! अट मोडलीस तू! आणा रे ते गाढव!"

"अपमान?" हौसानं कमरेवर हात ठेवले. "सरकार, या एवढ्या मंडळींनी तोंडभर वाहवा केली. पण यांतल्या एकानं तरी म्हटलं का, की महाराज, माझ्याही घरी असंच छत करून द्या? मुंग्यांना बिचाऱ्यांना वाहवा करता येत नाही. पण त्यांना ते इतकं आवडलं, इतकं आवडलं, की लेकराबाळांसाठी कणन् कण उचलून घरी नेलं!"

महाराजांनी सरदारांकडे पाहिलं. सरदारांनी आपापल्या जोड्यांकडे पाहिलं. महाराजांच्या मिशा थरथरल्या, गाल फुगले, आणि ते जे हसायला लागले ते फरशीवर फतकल मारूनच बसले! "म्हणजे माझ्या राज्यात कामाची खरी पारख..."

"मुंग्यांनाच, सरकार!"

धोंडजी तिथल्या तिथे सुटला. हौसाला सोन्याच्या पाटल्या मिळाल्या, आणि राजवाड्यातला सगळा चुना यापुढं तिच्याच हुकमानं कालवायचा असं ठरलं. निघताना राणीसाहेबांनी तिला आत बोलावून जरीचं लुगडं दिलं, दार लोटून घेतलं आणि हळूच विचारलं, "हौसा, परवापासून माझ्या महालाचं छत करायला घेतो म्हणतायत. तुझ्या मुंग्या कधी मोकळ्या आहेत?"