राणीसाहेबांची भवानी

ही गोष्ट कोणाला सांगायची नाही, असं बाबांनी बजावलंय. घरात सध्या काटकसर सुरू आहे आणि ही गोष्ट ऐकली की धाकटा लगेच पैसे मागतो. तरी सांगते.

पिंपळगडच्या राजाची जकातीची पेटी रिकामी पडली होती! खरं तर खजिना वाढावा म्हणूनच त्याने दवंडी पिटली होती, “राणीसाहेब पैसा खर्च करतील, तेव्हाच प्रजेने करावा!” आणि राणीसाहेबांना तो एक पैही खर्चू देत नव्हता.

“सगळे बचत करतात, मग पेटी रिकामी कशी?” राजा गरजला.

“बचत कमी पडतेय, महाराज,” दिवाणजी म्हणाले. “लोकांनी आता एकवेळच जेवावं.”

दरबारात कोणीतरी फिसकन हसलं. ती होती कासाराची मुलगी सगुणा. बापाचं बांगड्यांचं दुकान बसलं, म्हणून बांगड्यांची टोपली काखेत मारून गाऱ्हाणं घेऊन आली होती.

“हसतेस?”

“महाराज, विक्रीच नाही, तर जकात कशावर मिळणार? आमच्या बांगड्या खपत नाहीत, म्हणून आम्ही तेल घेत नाही. तेली धोतर घेत नाही. कोष्टी चपला घेत नाही. सगळे माशा मारत बसलेत, आणि माशांवर जकात नाही!”

“एवढी शहाणी आहेस, तर संध्याकाळपर्यंत पेटी भरून दाखव! माझा हुकूम न मोडता! नाही जमलं, तर दुकान उचला आणि गाव सोडा!”

सगुणाने राणीसाहेबांच्या हातांकडे पाहिलं. सोनं खजिन्यात गेलेलं. काचेच्या बांगड्या एकेक करून वाढवलेल्या. दोन्ही हातांत मिळून एकच उरली होती, तीही तडकलेली.

“जपा हं, राणीसाहेब. ही वाढवली की हात मोकळे. लोक विचारतील, महाराज कधी गेले?”

“अगं, मी जिवंत आहे!” राजा ओरडला.

“तेच घरोघरी सांगत फिरावं लागेल, महाराज.”

“भर! दोन्ही हात भर!”

सगुणाने डझनभर हिरव्या बांगड्या भरल्या आणि पैशांसाठी हात पुढे केला.

“दिवाळीला ने.”

“ही आमची भवानी, महाराज. दिवसाची पहिली विक्री! तिला उधारी चालत नाही.”

राजाने कुरकुरत राणीसाहेबांना नाणं दिलं, त्यांनी ते सगुणाला दिलं. ती पायऱ्यांवरूनच ओरडली, “राणीसाहेबांनी खर्च केला हो!”

झालं! कासाराने तेल घेतलं, तेल्याने धोतर, कोष्ट्याने चपला, मोच्याच्या बायकोने बांगड्या. दर विक्रीची जकात पेटीत खणखणली. संध्याकाळी झाकण लागेना.

राजा खो खो हसला. “हुकूमही माझा आणि फसलोही मीच! माग काय हवं ते.”

“दर बाजाराला पहिली भवानी राजवाड्याने करावी.”

“कबूल! पैसे दिवाणजींच्या पगारातून!”

दिवाणजींचं तोंड पाहण्यासारखं झालं. ते हात जोडून म्हणाले, “महाराज, मग मी काय एकवेळच...”

आले गं आई! हो, पंखा बंद करतेय, फक्त एवढं एकच वाक्य लिहून