शेठच्या ओसरीवरचे लग्नघर

पळसाच्या रानाला लागून वसलेल्या एका गावात एकदा एक वृद्ध आचार्य राहत असत. गावाबाहेर त्यांची लहानशी पाठशाळा होती. शाळा सुटल्यावर गावातली मुले तिथे अभ्यासाला येत आणि त्यांना शिकवण्याचे काम आचार्यांचा तरुण शिष्य करीत असे. शिष्य मनाने निर्मळ होता. जे चांगले दिसते ते चांगलेच असणार, असे त्याला प्रामाणिकपणे वाटे. अशा निर्मळ माणसांना हेरून वापरणारे लोक प्रत्येक गावात असतात, तसे ते याही गावात होते.

या गावाची एक रीत होती. कुणाकडे लग्न निघाले की तेरा-चौदा वर्षांची पोरे-पोरी त्या घरच्या ओसरीवर जमत आणि पळसाची पाने बारीक काड्यांनी टाचून पंगतीसाठी पत्रावळी लावत. त्याचे पैसे कुणी मागत नसे आणि कुणी देतही नसे. मात्र लग्नाच्या दिवशी पहिली पंगत या मुलांची बसे. यजमान स्वतः उभा राहून त्यांना आग्रह करकरून वाढी. रीत सुंदर होती, यात शंका नाही.

पाठशाळेत येणाऱ्या मुलांमध्ये हौसा नावाची एक चौदा वर्षांची मुलगी होती. तिला लांबचे नीट दिसत नसे. पहिल्या बाकावर बसूनही फळ्यावरचे अक्षर तिला लागत नसे. चष्मा घ्यायला घरात पैसे नव्हते. वडील म्हणत, "दिसतच न्हाई तर साळंत बसून काय करणार? पुढच्या वर्षापासून घरीच ऱ्हा." त्या बोलण्याने हौसा धास्तावली. ती शिष्याकडे आली आणि म्हणाली, "दादा, मला जमंल असं काही काम बघा की. साळा सुटल्यावर करीन. चष्म्यापुरतं मिळालं तरी बास."

शिष्याने गावातल्या एका शेठकडे शब्द टाकला. हा शेठ आसपासच्या गावांतल्या बायकांकडून मजुरीने पत्रावळी लावून घेई आणि त्या शहरात पाठवण्याचा व्यापार करी. ऐन लगीनसराईचे दिवस होते आणि मागणी उदंड होती. शेठ म्हणाला, "एकटीलाच कशाला? सगळीच पोरं पाठवा. कामाला लागतील, उनाडक्या तरी थांबतील." शिष्य हरखून गेला. त्याने हौसासह सगळ्या मोठ्या मुलांना शेठच्या ओसरीवर नेऊन बसवले.

मुलांनी पत्रावळींचे ढीग लावले. गाडी आली की ढीग शहरात जात आणि दुसऱ्या दिवशी मुले पुन्हा नवे ढीग लावत. रोज दिवेलागणीला शेठ प्रत्येकाच्या ओंजळीत चुरमुरे घाली आणि म्हणे, "घ्या रे, खाऊ." अशी लगीनसराई सरत आली तेव्हा हौसाने धीर करून मजुरीचे विचारले. शेठ मोठ्याने हसला. "मजुरी? अगं, पत्रावळी लावायचे पैसे या गावात कधी कुणी घेतलेत का? आपली रीत आहे ती!"

हौसा रडवेली होऊन शिष्याकडे आली. शिष्य तिला समजावू लागला, "हौसा, सेवेचे मोल मागू नये. शेठ खाऊ देतात ना? शिवाय तुझा हात किती चांगला बसला बघ. अनुभव मिळाला, तो काय कमी आहे?"

अनुभव! वाचकहो, या शब्दाने माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. चष्म्याच्या दुकानात अनुभव चालत नाही. शेठही आपला माल शहरात अनुभवावर देत नव्हता, रोख पैशांवर देत होता. पण समोरचा माणूस चौदा वर्षांचा असला की त्याच्या घामाला गोड गोड नावे देण्यात आपण सारे मोठे पटाईत असतो.

आचार्य आत बसून हे सारे ऐकत होते. ते बाहेर आले आणि शिष्याला शांतपणे म्हणाले, "उद्या शेठकडे लग्न आहे. या सगळ्या मुलांच्या घरी आमंत्रण दे. म्हणावे, सहकुटुंब या आणि ठेवणीतले कपडे घालून या. अक्षता मी आणतो."

"लग्न? कुणाचे लग्न, आचार्य?"

"ते शेठनाच विचारू."

शिष्य बुचकळ्यात पडला, पण गुरूंची आज्ञा मोडणार कशी? त्याने घरोघरी आमंत्रण दिले.

दुसऱ्या दिवशी शेठच्या दारात शहराची गाडी उभी होती आणि पत्रावळींचे गठ्ठे चढवायचे होते. एवढ्यात सारी मंडळी येऊन ठेपली. बायका नऊवारी नेसून आल्या होत्या, म्हाताऱ्यांनी पटके बांधले होते. सर्वांच्या पुढे हातात अक्षतांचे ताट घेऊन आचार्य चालत होते. ते ओसरीवर चढले, त्यांनी एका गठ्ठ्याची दोरी सोडली, एक पत्रावळ घेतली आणि मांडी घालून तिच्यावर पाणी शिंपडले. त्यांचे पाहून मंडळीही ओळीने बसली आणि प्रत्येकाने आपापल्या पत्रावळीवर पाणी शिंपडले.

शेठ आतून धावत आला. "अहो आचार्य, हे काय चालवलंय? माल भिजला माझा! शहराला जायचाय तो!"

"पंगत बसली आहे, शेठ," आचार्य म्हणाले. "वाढायला घ्या. आणि नवरानवरीलाही बोलवा, अक्षता टाकायच्या आहेत."

मागून एक म्हातारी ओरडली, "वरण कुठवर आलं म्हणावं?"

"कसलं वरण? कुणाचं लग्न?" शेठ संतापाने ओरडला. "इथं कुणाचं लग्नबिग्न नाही! हा माझा धंदा आहे!"

"जरा मोठ्याने सांगा," आचार्य म्हणाले. "मागच्या लोकांना ऐकू आले नसेल."

"धंदा आहे, धंदा! पत्रावळी विकतो मी!"

आचार्य उठून उभे राहिले. त्यांचा आवाज कधी चढत नसे, पण त्या दिवशी तो चढला. ते म्हणाले, "धंदा आहे ना? मग धंद्यासारखी मजुरी द्या. लग्नघरची पत्रावळ मुले फुकट लावतात, कारण त्या घरी पहिली पंगत त्यांची बसते. तुमच्या पत्रावळीवर शहरात कोण जेवले, हे या मुलांना ठाऊकही नाही. गावाची माया तुम्ही गठ्ठे बांधून विकलीत आणि वर तिला रीत म्हणता? या ओसरीवर मोठ्या बायका बसल्या असत्या, तर मजुरी दिली असतीत की नाही? पान तेच आहे, काडी तीच आहे. मग मोठ्याने केले तर ते काम आणि मुलाने केले तर मदत, हा कुठला न्याय?"

मग ते शिष्याकडे वळले. "आणि तू! तुला वाटले, आपण मुलांना काम शोधून दिले. अरे, तू शेठला फुकटचे हात शोधून दिलेस. ती पोर हक्काचे मागायला आली, तर तू तिला सेवा शिकवलीस. मजुरी किती मिळणार, हे मुलांना आधी विचारता येत नाही. म्हणून तर त्यांच्या बाजूने बोलायला मोठे माणूस लागते. ते माणूस तू होतास."

शेठने इकडेतिकडे पाहिले, खिशातून एक नोट काढली आणि हौसापुढे धरली. "घे गं पोरी. खाऊला घे. मिटलं आता."

हौसाने दोन्ही हात पाठीमागे घेतले. "खाऊला नको, शेठ. बायांना जी मजुरी देता, ती द्या. आन् माझ्या एकटीला नको, समद्यांना द्या."

"नाही दिली तर?"

"तर आम्ही बसून राहू," आचार्य म्हणाले आणि पुन्हा पत्रावळीसमोर बसले. "यजमानाने वाढल्याशिवाय पंगतीतून उठू नये, अशीही या गावाची एक रीत आहे."

कुणीही जागचे हलले नाही. बाहेर गाडीवाला एकसारखा भोंगा वाजवू लागला. जास्त वेळ थांबणार नाही, असे तो दोनदा सांगून गेला. अखेर शेठ आत गेला, पेटी घेऊन आला आणि बायकांना देत असे त्याच दराने त्याने प्रत्येक मुलाची मजुरी चुकती केली. तेव्हाच पंगत उठली.

पुढच्या बाजाराला हौसा वडिलांबरोबर तालुक्याला गेली. परतताना ती थेट पाठशाळेत आली. नाकावर नवा चष्मा होता. तिने फळा पाहिला, भिंतीवरचा नकाशा पाहिला, आणि मग शिष्याकडे कितीतरी वेळ पाहत राहिली. "दादा," ती म्हणाली, "तुमचं तोंड आज पहिल्यांदा नीट दिसलं."

ती सहज बोलली होती. पण शिष्याच्या ते जिव्हारी लागले.

पुढच्या लगीनसराईत दुसरा एक व्यापारी पाठशाळेत आला. "मुलांसाठी हलकं काम आहे," तो म्हणाला, "त्यांना तेवढाच अनुभव." शिष्याने त्याला बसायला घोंगडी दिली, पाणी दिले आणि विचारले, "आधी मजुरी सांगा." आत बसलेल्या आचार्यांनी ते ऐकले आणि समाधानाने डोळे मिटून घेतले.

तुमच्या-माझ्या ओसरीवरही एखादे पोर काम करीत असेल, तर त्याला एकतर पहिल्या पंगतीला बसवावे, नाहीतर त्याची मजुरी त्याच्या हातावर ठेवावी.