सारजाच्या घरचा कारभारी

एकदा एका नगरीत एक व्यापारी राहत होता. धान्याचा आणि कापडाचा व्यापार बापजाद्यांपासून चालत आलेला, त्यामुळे पैसा त्याला शोधावा लागला नव्हता. पैशाविषयी बोलणे मात्र त्याने स्वतः कमावले होते. दर पौर्णिमेला तो नदीकाठच्या पटांगणात मंचावर बसे आणि लोकांना संपत्तीचा मार्ग सांगे. मार्ग तसा सोपा. मिळकतीचा दहावा वाटा आधी बाजूला काढावा, उरलेल्यात घर चालवावे, आणि बाजूला काढलेल्याला वर्षभर हात लावू नये. ऐकताना असे वाटे, की लक्ष्मी दारात येऊन उभी आहे, आपण कडी काढायचाच काय तो उशीर. पटांगणाच्या तोंडाशी व्यापाऱ्याची माणसे मातीचे गल्ले विकत बसत. वर एक चीर, बाकी सगळा बंद. फोडल्याशिवाय पैसा बाहेर यायचा नाही. लोक हौसेने गल्ला काखेत मारून घरी जात आणि पुढच्या पौर्णिमेला येऊन नवा घेत. जुन्याचे काय झाले, हे कोणी कोणाला विचारत नसे.

नदीपलीकडे एका वृद्ध गुरूंचा आश्रम होता. त्यांचा एक शिष्य तरुण, तल्लख, आवाजाचा गोड. व्यापाऱ्याचे बोलणे एकदा त्याच्या कानावर पडले आणि त्याला त्याचे वेडच लागले. सकाळचा पाठ संपला की तो गल्लोगल्ली जाऊन दहाव्या वाट्याचे माहात्म्य सांगू लागला. इतकी साधी गोष्ट या लोकांना कोणी आजवर कशी सांगितली नाही, याचे त्याला खरोखर वाईट वाटे. व्यापाऱ्याच्या कानावर हे गेले. त्याने शिष्याला बोलावून पेढे दिले आणि म्हणाला, वैशाखी पौर्णिमेला तुझ्यासाठी बैलगाडी पाठवतो, गावोगाव फिरून माझ्या वतीने बोल. एकच कर, येताना एखाद्या गरिबाघरचा भरलेला गल्ला घेऊन ये. मंचावर सगळ्यांसमोर फोडू. तो आवाज ऐकला की लोकांना दुसरे काही सांगावे लागणार नाही.

शिष्य पळतच आश्रमात आला आणि गुरूंची परवानगी मागू लागला. गुरू अंगणात तूर वाळत घालत होते.

"हे कुणाच्या घरात करून बघितलंस?" त्यांनी विचारले.

शिष्य म्हणाला, व्यापाऱ्याच्या घरात पिढ्यान् पिढ्या असंच चालतं.

"त्याच्या घरात काय, काहीही चालेल." गुरूंनी हात झटकले आणि उठले. "चल माझ्याबरोबर."

ते थेट बुरूड आळीत गेले. तिथे घरोघर बांबूची सुपे-टोपल्या विणण्याचे काम. आळीच्या टोकाला सारजा नावाची बाई राहत असे. नवरा वारलेला, घरात ती आणि तिची म्हातारी सासू. सारजाचे विणकाम असे, की तिच्या सुपात पाणी घातले तरी क्षणभर विचार करून गळेल. गुरूंनी शिष्याला तिच्या ओसरीवर बसवले आणि म्हणाले, "सारजा, हा आजपासून तुझ्या घरचा कारभारी. बाजारातून जे येईल ते याच्या हाती दे, हा सांगेल तसं घर चालव. वैशाख सरेपर्यंत ठेव याला."

सारजा गोंधळली, पण गुरूंना नाही म्हणायची तिची पद्धत नव्हती. सासूने शिष्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळले.

"विणता येतं का?"

"नाही, आजी."

"मग खाणार किती, तेवढं आधी सांगा, कारभारी."

गुरू हसत निघून गेले. विद्या शिकायला आलेल्या मुलाला त्यांनी टोपल्यांच्या ढिगात का बसवले, हे आळीत कोणाला कळले नाही. शिष्याला मात्र आनंद झाला. त्याला वाटले, गुरूंनी न बोलता परवानगी दिली. हवे होते तसे गरिबाचे घरही शोधून दिले. तो त्याच दिवशी जाऊन गल्ला घेऊन आला.

पहिल्या बाजाराचे पैसे आले, तसा त्याने दहावा वाटा आधी गल्ल्यात टाकला. उरलेल्यात ज्वारी आली, मीठ आले, दिव्याचे तेल राहून गेले. संध्याकाळी तिघे अंधारात जेवायला बसले. सासू म्हणाली, "कारभारी, अंधारात घास चुकून नाकात गेला, तर तोसुद्धा बाजूला काढायचा का?" सारजाला हसू आवरेना. शिष्यही हसला, पण मागे हटला नाही. त्याने खर्चात फालतू काय आहे ते शोधायला घेतले आणि पहिली सापडली ती सासूची तंबाखूची मिश्री. ती बंद झाली. म्हातारी रोज ती हिरड्यांना चोळून मग बांबूच्या कामट्या तासायला बसायची. आता ती भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, माझे हात त्या डबीत राहिलेत. दोन बाजार सारजाला तासणे आणि विणणे एकटीने करावे लागले. मिश्रीची डबी शिष्यानेच मुकाट्याने परत आणून दिली.

शेजारच्या हौसाला वाटीभर कालवण जायचे, तेही त्याने थांबवले.  मग धान्याची कणगी विणायची वेळ आली, तेव्हा एरवी हाताखाली येणारी हौसा आली नाही. कणगी माणसाएवढी उंच. बाहेरून एकीने विणायचे तर आतून दुसरीने धरायला लागते. शेवटी कणगीच्या आत शिष्याला बसवले. दिवसभर तो आत उकिडवा, आणि बाहेर आळीतल्या बाया येऊन विचारत, "सारजा, कारभारी कुठं गेले ग?" सासू सांगे, "साठवून ठेवलेत." बाया पदर तोंडाला लावून हसत. आत बसून शिष्याला घाम फुटला, आणि हसूही फुटले. दुसऱ्या दिवशी हौसाकडे कालवणाची वाटी तो स्वतः घेऊन गेला.

तरी दहावा वाटा त्याने सोडला नाही, आणि खरे सांगायचे तर सारजालाही त्यात गोडी वाटू लागली होती. गल्ला जड होत चालला होता. कधीमधी ती तो नुसता हलवून बघे आणि परत कोनाड्यात ठेवून देई.

असा फाल्गुन आला. लग्नसराई तोंडावर. लग्नघरी सुपे हवीत, दुरड्या हव्यात, रुखवतासाठी रंगीत परड्या हव्यात. त्या दोन महिन्यांच्या विणकामावर आळी वर्षभर जेवत असे. त्यासाठी बांबू हवा, आणि तो हिरवाच हवा. सुकलेला बांबू चिरताना तडकतो, वाकवताना मोडतो. डोंगरातून बांबूची गाडी येई ती एकच दिवस थांबे. रोख देईल त्याला निवडून घेता येई. ज्याच्याकडे रोख नसे त्याला गाडीवान उधार देई, आणि बदल्यात विणलेल्या मालातला निम्मा माल घेऊन जाई. सारजा दर वर्षी उधार घेत असे. हातात रोख असे तेव्हा गाडी नसे, आणि गाडी येई तेव्हा रोख उरलेली नसे.

त्या दिवशी गाडी आली. ओला, तुकतुकीत बांबू. सारजाने पदर खोचला आणि गाडीवानाशी उधारीचे बोलायला निघाली. शिष्य ओसरीवर होता. कोनाड्यातला गल्ला त्याने उचलून मांडीवर घेतला. वैशाखी पौर्णिमा आता लांब नव्हती. हा गल्ला घेऊन गेला, तर पुढे बैलगाडी, गावोगावचे मंच, सगळे आयुष्य. आणि वर्षभर हात लावायचा नाही, हे तर त्यानेच या आळीत घसा फोडून सांगितले होते. त्याने सारजाकडे पाहिले. तिने गल्ल्याकडे वळूनसुद्धा पाहिले नाही, की तोंडाने एक शब्द काढला नाही. ती गुरूंना दिलेला शब्द पाळत होती.

सासू कामटी तासता तासता म्हणाली, "कारभारी, गल्ला चांगला भरलाय. विणायला घ्यायचा का तोच?"

शिष्य उठला, आणि त्याने गल्ला उंबऱ्यावर आपटला.

 पैसे ओसरीवरून घरंगळत अंगणात गेले. मग सासूच्या बोळक्यातून पहिले हसू आले, हौसा हसली, आणि सगळ्या बाया धावल्या, कोणी चुलीमागून, कोणी कोंबड्यांच्या पायांतून पैसे वेचून आणू लागल्या. सारजा उधारीचे बोलणे अर्धेच टाकून माघारी आली. तिने आयुष्यात पहिल्यांदा गाडीतला बांबू वाजवून, वाकवून, निवडून घेतला. गाडीवान दोनदा म्हणाला, "बाई, लवकर आटपा." ती म्हणाली, "थांबा की जरा. आज मी गिऱ्हाईक आहे."

मग काय, बुरूड आळीतल्या त्या घराचा चैत्र गात गेला. हौसा बाजूला येऊन बसली, सासू तासायची, सारजा विणायची, आणि कारभारी बांबू चिरायला शिकला. बोटे इतक्या वेळा कापली, की चिंध्या बांधायला बोट उरले नाही. निम्मा माल कोणाला द्यायचा नव्हता. वैशाख लागता लागता सारजाच्या घरावर नवे छप्पर चढले, आणि वळचणीला विकायच्या सुपांची उतरंड अजून होती.

एके सकाळी गुरू आले. शिष्याने त्यांना नमस्कार केला आणि मनातले विचारले: उपदेश खोटा आहे हेच दाखवायचे होते, तर ते आश्रमात बसून का नाही सांगितले?

"खोटा कुठे आहे?" गुरू म्हणाले. "गल्ल्यात काही नसतं, तर फोडून मातीच निघाली असती. पण व्यापारी आपल्या अंगणात उभा राहून साऱ्या गावाचं ऊन मोजतो. त्याच्याकडे पैसा बारा महिने झरतो, म्हणून वर्षभर हात न लावणं त्याला जमतं. सारजाचा पैसा ओढ्यासारखा. आला तर लोंढा, नाहीतर वाळू. तो कधी अडवायचा आणि कधी सोडायचा, हे ओढ्याकडे बघूनच ठरतं. तुला वाटत होतं, सारजाला अक्कल नाही म्हणून ती गरीब आहे. अक्कल तिच्याकडे होती. सवड नव्हती. गाडी आली त्या दिवशी तुझ्या गल्ल्याने तिला ती दिली. साठवलेल्या पैशाचं एवढंच काम असतं, आणि ते फार मोठं काम आहे. हे मी आश्रमात सांगितलं असतं, तर तू तेही पाठ करून गल्लोगल्ली सांगत सुटला असतास."

शिष्य खाली बघून हसला.

पौर्णिमेला व्यापाऱ्याची बैलगाडी आली. शिष्याने गाडीवानाला पाणी देऊन थांबवले आणि आळीतल्या एका पोराकरवी व्यापाऱ्याला निरोप पाठवला: भरलेला गल्ला होता, तो ज्या कामासाठी भरला त्या कामी आला. मला गावोगाव जायचे आहे, पण प्रत्येक गावी आधी एका घरी एक हंगाम राहीन, मग बोलेन. व्यापाऱ्याने उलट निरोप दिला, की अशाने सगळी गावे व्हायला जन्म पुरणार नाही. शिष्याला ते पटले, पण घरात राहिल्याशिवाय बोलायला त्याचे मन घेईना. त्याने गाडी तशीच माघारी जाऊ दिली.

त्याच दिवशी पलीकडच्या गावी एका लग्नघरी सुपे पोचवायची होती. भारा डोक्यावर घेऊन तो तिथे गेला. यजमानीण कोळ्याच्या घरची, ओल्या जाळ्यांच्या वासात वावरणारी. तिने त्याचा गोड आवाज ओळखला. म्हणाली, "तुम्ही तेच ना, पैशाचं सांगणारे? मग सांगा की महाराज, आमच्या घरात पैसा टिकत नाही, काय करावं?"

शिष्याच्या ओठांवर दहावा वाटा आला होता. त्याने तो गिळला, भारा उतरवला, आणि तिथेच जोत्यावर बसला.

"आई, तुमच्याकडे पैसा येतो कधी, आणि जातो कधी?"

हे तिला आजवर कोणी विचारले नव्हते. तिने हात पुसले आणि त्याच्या समोर बसून सांगायला लागली.